बॅटरी नवी, तरी सेल्फ टिक-टिक: पुन्हा पुन्हा येणारा बिघाड मीटर लावून कसा धरला

चौथी बॅटरी घ्यायची वेळ आली तेव्हा मी बॅटरीऐवजी मीटर (मल्टिमीटर) घेतला. तीन-साडेतीनशे रुपयांचा, पिवळा, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लटकलेला असतो तो. हेच दोन वर्षं आधी केलं असतं तर दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते, आणि आंबा घाटाच्या माथ्यावर रात्री साडेनऊला धुक्यात चहावाल्याच्या पोराला गाडी ढकलायला लावावी लागली नसती.

गाडी म्हणजे मोटारसायकल, २०१८ची, १६० सीसीची, कार्बोरेटरवाली. किक नाही. रोजचं फिरणं कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, महिन्यातून एकदा-दोनदा घाट उतरून साखरप्याला. लक्षण दरवेळी तेच. नवी बॅटरी टाकली की सात-आठ महिने झकास. मग एखाद्या सकाळी सेल्फ दाबला की इंजिन फिरायच्या ऐवजी सीटखालून टिक-टिक-टिक, न्यूट्रलचा हिरवा दिवा विझायला आलेला, हॉर्नचा घसा बसलेला. बॅटरी चार्ज करून आणली की पंधरा दिवस बरी, पुन्हा तेच.

निदानंही तीन झाली. पहिल्यांदा ‘बॅटरी डाऊन’. दुसऱ्यांदा ‘बॅटरीच डुप्लिकेट निघाली’. तिसऱ्यांदा ‘कॉइल गेली, मॅग्नेट खोलावा लागेल’. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात, आणि बॅटरी बदलली की गाडी त्याच्या डोळ्यांसमोर पहिल्या झटक्यात सुरू होते. मग त्याचं निदान खोटं ठरवणार कोण? नवी बॅटरी भरलेली असते, कमी पडणारं चार्जिंग ती काही महिने पोटात घालते. बिघाड गेलेला नसतो, त्याला फक्त मुदत मिळालेली असते.

टिक-टिक म्हणजे नक्की काय होतं ते आधी सांगतो, कारण अर्धे लोक हा आवाज ऐकून थेट सेल्फची मोटार खोलायला देतात. सेल्फचं बटण मोटारीला करंट देत नाही, ते रिलेला देतं. रिलेच्या आतली छोटी कॉइल जाड संपर्क ओढून धरते, आणि मग बॅटरीतून मोटारीकडे भसकन मोठा करंट जातो. बॅटरी अर्धमेली असली की मोटारीने ओढायला सुरुवात करताच व्होल्टेज कोसळतं, रिलेची पकड सुटते. पकड सुटली की व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा ओढते. हेच सेकंदाला पाच-सात वेळा. म्हणजे टिक-टिक ऐकू आली तर रिले जिवंत आहे, बटण ठीक आहे, क्लचचा आणि साइड स्टँडचा स्विचही ठीक आहे. एकदाच ‘टक’ होऊन शांत झाली तर मोटारीचे कार्बन किंवा रिलेचे संपर्क बघा. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, किल स्विच, क्लच स्विच. मी एकदा लाल किल स्विच दाबलेला विसरून दहा मिनिटं घाम गाळला होता, म्हणून त्याचं नाव मुद्दाम घेतलं.

आधी बॅटरी खरंच कशी आहे ते बघा

मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल दांडी बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी चावी लावायच्या आधी. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली. १२.४ला साधारण पाऊण, १२.२ला निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.८ आणि खाली रिकामीच समजा. ‘बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवतेय, मग बरोबरच आहे की’ हे मी माझ्या तोंडाने मिस्त्रीला सांगितलंय. आत सहा सेल असतात, भरलेला प्रत्येक सेल २.१ च्या आसपास असतो. बारा म्हणजे तळ दिसायला लागलेला.

दुसरं माप सेल्फ मारताना. मीटर तसाच लावून ठेवायचा आणि बटण दाबायचं. साडेनऊ-दहाच्या वर टिकलं तर बॅटरीत दम आहे. सकाळी १२.७ दाखवणारी बॅटरी सेल्फ दाबताच सात-आठवर आपटली तर तिच्या प्लेटा गेल्यात, तिला कितीही चार्ज करा.

माझी १२.१ होती. रात्रभर चार्जरवर लावली. ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.८ अँपिअर, म्हणजे दहावा हिस्सा. दुकानात घाईने मोठ्या चार्जरवर तासाभरात ‘भरून’ देतात ती वरवरची भरते. काढून चार-पाच तास ठेवल्यावर १२.६. सेल्फ मारताना १०.३. म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती. उपाशी होती.

इथे नव्या बॅटरीबद्दल एक. काही बॅटऱ्या दुकानात कोरड्या येतात, गिऱ्हाईक आलं की अॅसिड भरतात. भरल्यावर ती मुरू द्यावी लागते, मग हळूहळू चार्ज करावी लागते. गिऱ्हाईक दारात उभं म्हणून पंधरा मिनिटांत गाडीत बसवली, तर ती पहिल्या दिवसापासून पाऊण भरलेलीच राहते. मी आता अशी बॅटरी संध्याकाळी सांगून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणेन.

विहिरीवर पाणी आहे, वाफ्यात नाही

चार्जिंगची साखळी सरळ आहे. इंजिनाच्या डाव्या कव्हरमागे मॅग्नेट फिरतो, त्याच्या आत कॉइलची प्लेट. तिच्यातून एसी करंट निघतो, बहुतेक गाड्यांत तीन पिवळ्या वायरींतून. तो आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायर) जातो, म्हणजे बाहेरून पात्या असलेला तो अॅल्युमिनियमचा ठोकळा. तिथे एसीचा डीसी होतो आणि व्होल्टेज चौदा-साडेचौदाला बांधलं जातं. तिथून बॅटरी. विहिरीवरची मोटार, व्हॉल्व्ह, पाट आणि वाफा, असं समजा. वाफा कोरडा दिसला की आपण मोटार बदलत बसतो, आणि पाट मध्येच फुटलेला असतो.

म्हणून पहिलं माप वाफ्यात, म्हणजे बॅटरीवर. गाडी सुरू, हेडलाइट चालू, आरपीएम तीन-चार हजार. १३.५ ते १४.८च्या मधे यायला हवं. आयडलला कमी आलं तरी घाबरू नका. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवणं बंधनकारक झालं, त्यामुळे बंद करायचं बटणच उरलेलं नाही. ३५ वॉटचा बल्ब एकटा पावणेतीन अँपिअर खातो. सिग्नलला उभं राहून हळू आयडलवर बॅटरी भरेल ही अपेक्षा ठेवू नका. दसरा चौकातल्या गर्दीतून रोज दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्याची बॅटरी सगळं ठीक असूनही महिन्याभरात ढासळू शकते. तो बिघाड नाही, वापरच तसा आहे. पंधरा दिवसांतून एकदा हायवेला अर्धा तास न्या.

१५च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, गाडी लगेच बंद करा. अशात बॅटरी उकळते, फुगते, बल्ब पटापट उडतात.

माझ्याकडे चार हजारला १२.८. भरलेल्या बॅटरीवर. म्हणजे वाफ्यात पाणी येतच नाही. कॉइल गेली म्हणणारे मिस्त्री इथपर्यंत बरोबर होते, फक्त त्यांनी थेट विहिरीवर उडी मारली होती.

विहीर तपासायला मॅग्नेट खोलावा लागत नाही. इंजिन बंद करून कॉइलकडून येणाऱ्या पिवळ्या वायरींचा कपलर आरआरपासून सोडवा. आधी ओहम. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी, तिन्ही जोड्यांत सारखं आणि एक ओहमच्या आसपास किंवा कमी. स्वस्त मीटरच्या दांड्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.३-०.४ दाखवतात, तेवढे वजा करा. मग प्रत्येक पिवळी आणि इंजिनाची बॉडी: इथे काहीही जुळता कामा नये. जुळलं तर कॉइलचं वार्निश जळून ती बॉडीला लागलीय. शेवटी मीटर एसी २०० व्होल्टवर, गाडी सुरू, आणि पुन्हा त्याच तीन जोड्या. आयडलला पंधरा-वीस, रेस दिली की पन्नासच्या आसपास किंवा वर. आकडा गाडीगणिक वेगळा, पण तिन्ही जोड्यांत सारखा हवा. एक जोडी लंगडी निघाली तर कॉइल खरंच गेली. वायरींना हात लावू नका, झटका बसतो.

माझ्याकडे ४६, ४६, ४५. कॉइल ठणठणीत. कॉइल रिवाइंड करायचे पैसे तिथेच वाचले.

मग व्हॉल्व्ह. कपलर परत जोडला, आणि आरआरच्या डीसी कपलरमध्ये मागच्या बाजूने दोन टाचण्या सरकवल्या, वायर न सोलता. टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. चार हजारला आरआरच्या तोंडाशी १४.२. आणि त्याच वेळी बॅटरीवर १२.८.

हा तो क्षण. व्हॉल्व्हमधून पाणी जोरात निघतंय, वाफ्यापर्यंत पोहोचत नाही. मधल्या जेमतेम दोन हातांच्या वायरींत १.४ व्होल्ट जिरताहेत. आरआर बिचारा स्वतःच्या दाराशी चौदा दिसले की समजतो काम झालं, हात आखडता घेतो. पुढे बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

पाट कुठे फुटला

पुढची चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते आणि ती करताना मी गॅरेजात फारसं कुणाला पाहिलेलं नाही. मीटर डीसी २० वरच. लाल दांडी आरआरच्या प्लस वायरच्या टाचणीला, काळी थेट बॅटरीच्या प्लसला. दोन्ही प्लसच. गाडी चार हजारला. तार चांगली असेल तर शून्याच्या जवळ यायला हवं, ०.२ पर्यंत चालतं. जेवढं जास्त, तेवढं त्या वाटेत वाया जातंय. मग तसंच मायनसचं: एक दांडी आरआरच्या मायनस वायरला, दुसरी बॅटरीच्या मायनसला.

प्लसच्या वाटेत ०.२. मायनसच्या वाटेत १.२. बेरीज १.४. हिशेब पैशापर्यंत जुळला तेव्हा रविवारी भर दुपारी मी एकटाच हसलो, आणि घरच्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

माझ्या गाडीत आरआरची मायनस वायर चासीला जिथे बोल्टने बांधलीय ती जागा बॅटरीच्या ट्रेच्या खाली, मागच्या चाकाच्या पाण्याच्या माऱ्यात. बोल्ट वरून स्वच्छ दिसत होता, घट्टही होता. खोलल्यावर खाली वायरच्या टोकाच्या गोल पट्टीवर हिरवट-पांढरा थर. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तोच कळंक. पट्टीच्या मुळाशी, जिथे ती वायरवर चिमटलेली असते, तिथे तांब्याच्या तारा काळ्या पडून निम्म्या तुटलेल्या. उरलेल्या निम्म्यांवर दोन वर्षं गाडी चालली होती.

आणि हे आधी का सापडलं नाही? कारण ती वायर दोनदा तपासली गेली होती, मीटरच्या पीं-पींवर, म्हणजे वायर सलग असली की मीटर वाजतो त्या चाचणीवर. पीं वाजली, वायर पास. ही पीं-पीं फसवी आहे. त्या चाचणीत मीटर वायरमधून अगदी नगण्य करंट सोडतो, तो एका तारेतूनही आरामात जातो. आकड्यात सांगायचं तर माझ्या त्या सांध्याचा रोध पाव ओहमच्या आसपास होता. पीं वाजायला तेवढा काहीच नाही, पण पाच अँपिअर जायला लागले की सव्वा व्होल्ट गिळायला पुरेसा. एकट्या माणसाचं वजन पेलणारा साकव भरल्या बैलगाडीखाली मोडतो, तसं. वायर तपासायची तर ओझं लादून, म्हणजे गाडी सुरू ठेवून.

आणखी एक कोडं तिथेच सुटलं: अर्थ (चासीला बांधलेली मायनसची वाट) खराब असेल तर सेल्फ कसा लागत होता? सेल्फच्या मोटारीची जाड मायनस केबल बॅटरीतून थेट इंजिनावर जाते, तिचा या बोल्टशी संबंध नाही. सगळ्या ‘अर्थिंग’ एका जागी नसतात. ‘अर्थ चेक केला’ म्हणणाऱ्याला कुठला ते विचारा.

दुरुस्तीचा खर्च सांगायला लाज वाटते. उद्यमनगरातून आणलेली नवी गोल पट्टी, अर्धी वीत जाड वायर, सोल्डर, उष्णतेने आवळणारी नळी. काळ्या तारा कापून टाकल्या, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे गेलो, कारण पाणी केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आत बोटभर तरी चढलेलं असतं. चासीवरचा रंग बोल्टच्या घेराएवढा पॉलिश पेपरने घासून उघडा केला. वरून व्हॅसलीन. संपर्क घट्ट झाल्यावर व्हॅसलीन, आधी नव्हे. आणि काळी टेप नको. आपल्याकडच्या उन्हात तिचा डिंक वितळून काकवीसारखा होतो, पावसात त्यात पाणी अडकून राहतं.

बॅटरीवर आता चार हजारला १४.०.

तुमच्या गाडीत सांधा दुसरीकडे असेल. सगळ्यात जास्त जळालेला मी पाहिलाय तो कॉइल आणि आरआरमधला पिवळ्या वायरींचा कपलर. प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, एक पिन वितळून आत रुतलेली. नवा आरआर घालून जुना जळका कपलर तसाच ठेवला तर नवा आरआरही जळतो, आणि मग ‘आजकाल पार्ट टिकत नाहीत’ म्हणायला आपण मोकळे.

काही जुने मिस्त्री गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढतात, ‘बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग ठीक’. हे कुणालाही करू देऊ नका. बॅटरी असते तोवर ती व्होल्टेजचे झटके गिळते. ती काढली की झटके सीडीआय (ठिणगी देणारा डबा), गाडीचा स्पीडोमीटर, आणि इंजेक्शनवाली गाडी असेल तर ईसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) जातात. ईसीयूच्या किमतीत कितीतरी बॅटऱ्या येतात.

आणि दिवाळीनंतर पुन्हा टिक-टिक

दीड महिना सुखाचा गेला. दिवाळीला आठ दिवस गाडी घरी ठेवून गावी गेलो. परत आलो, सेल्फ दाबला. टिक-टिक-टिक. मी गाडीवर बसून राहिलो पाच मिनिटं.

बॅटरी ११.६. चार्ज करून गाडी सुरू केली, चार हजारला १४.०. पाट शाबूत. म्हणजे पाणी येतंय, पण रात्री कुणीतरी चोरतंय.

गाडी बंद असताना करंट कुठे जातो ते मोजायला मीटर मालिकेत लावावा लागतो. मीटरची लाल दांडी दहा अँपिअरच्या भोकात घाला. स्वस्त मीटरमध्ये तिथे आत फ्यूज नसतो, म्हणून हे नीट वाचा. चावी बंद. बॅटरीची मायनस वायर काढा. मीटरची एक दांडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी काढलेल्या वायरला. चावी लावायची नाही, सेल्फला तर हातही लावायचा नाही. सेल्फचा करंट मीटर सोसणार नाही. आणि काम झालं की लाल दांडी पुन्हा व्होल्टच्या भोकात. ती अँपिअरमध्ये राहिली आणि तशीच बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावली, तर तो सरळ शॉर्ट. मीटर जातो, कधी दांडी हातात वितळते.

नेहमी मायनस आधी काढा आणि शेवटी लावा. प्लस आधी खोलताना पाना चासीला टेकला तर ठिणगी बघण्यासारखी असते, पण दुसऱ्याच्या गाडीवर.

घड्याळ वगैरे धरून दोन-पाच मिलिअँपिअर ठीक. माझं ०.०६ आलं. दोनशे मिलिअँपिअरच्या आत आहे ही खात्री झाल्यावर दांडी मिलिअँपिअरच्या भोकात बदलली: ५८ मिलिअँपिअर. बारीक वाटतं. पण ८ अँपिअर-अवरची बॅटरी ५८ने भागली की १३८ तास, म्हणजे सहा दिवसही नाहीत. सेल्फ तर निम्म्यावरच मान टाकतो. रोज गाडी चालवत होतो तोवर ही गळती रोजच्या रोज भरून निघत होती. आठ दिवस उभी राहिली आणि उघडी पडली.

आता चोर कोण. एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा बघायचा; ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर चोर. मी पहिला काढला, ५८. दुसरा, ५८. सगळे काढून तळहातावर ठेवले तरी ५८. आता काय? फ्यूज सगळे बाहेर, तरी करंट जातोय, म्हणजे चोर फ्यूजच्या अलीकडे, बॅटरीला थेट चिकटलेला. अशा जागी कारखान्यातून आलेल्या गोष्टींत पहिला संशय आरआरवर. त्याच्या आतला डायोड फुटला तर तो उलटा करंट पितो. आरआरचा कपलर सोडला. ५८.

उरली एक पातळ लाल वायर, बॅटरीच्या प्लसच्या बोल्टखाली दाबलेली. हँडलवरच्या मोबाइल चार्जरची. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या बॅटरीच्या थोडं आधी, मीच लावली होती. थेट बॅटरीवर, कारण चावीची वायर शोधायचा कंटाळा. ती सोडली आणि मीटर २वर आला.

चार्जर उघडला. रबरी झाकण कधीच फाटलेलं, आत पावसाचं पाणी जाऊन सर्किटवर पांढरी बुरशी. मोबाइल नसतानाही तो रात्रंदिवस गरम. म्हणजे बिघाड दोन होते, दोन्ही किरकोळ. रोजच्या वापरात एकटा कुठलाही असता तर बॅटरीने सहन केला असता. खराब अर्थमुळे ती कधी पूर्ण भरायची नाही, आणि जे भरायचं त्यातलं रात्री चार्जर प्यायचा. पहिला दुरुस्त झाल्यावरच दुसरा नीट दिसला. एक बिघाड सापडला की आपण मीटर गुंडाळून ठेवतो, मीही ठेवला होता. गळती मोजायला पाच मिनिटं लागतात, ती त्याच दिवशी मोजायला हवी होती.

याच कुळातले बाकीचे त्रास

हँडल डावीकडे वळवलं की गाडी गचके खाते किंवा दिवे जातात: हेडलाइटच्या मागे, चासीच्या गळ्यापाशी वायरिंगचा जुडगा हँडलबरोबर रोज शेकडो वेळा वाकतो, तिथे आतली तार तुटलेली असते आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत. गाडी सुरू ठेवून जुडगा हळूहळू दाबत जा, जिथे दिवा लुकलुकेल तिथे उघडा. केबल टायने करकचून बांधलेला जुडगा इथेच मोडतो, थोडी सैल वळी सोडा.

इंडिकेटर लावला की टेललाइट मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर अंधूक पेटतो: मागच्या दिव्याचा अर्थ गेलाय. करंटला घरी जायची स्वतःची वाट बंद, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून जातो. बल्ब बदलू नका, त्या दिव्याची अर्थची वायर बघा.

फ्यूज लावला की उडतो: जास्त अँपिअरचा फ्यूज टाकू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नको. मग फ्यूजऐवजी टाकीखालचं वायरिंग पेटतं, आणि टाकीत काय असतं ते सांगायला नको. त्याऐवजी फ्यूजच्या दोन पट्ट्यांना दोन वायरी लावून इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब भकभकीत पेटेल, पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देणार नाही. आता निवांतपणे एकेक कपलर सोडत जा, वायरिंग हलवत जा. बल्ब विझला की शॉर्ट तिथे. दहा फ्यूज जाळायच्या ऐवजी एक बल्ब. हॉर्न वाजवला की उडत असेल तर मोठा हॉर्न रिलेशिवाय बसवलाय का ते आधी विचारा.

पावसाळ्यानंतर एकेक स्विच रुसतो: वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरचं पाणी थेट स्विचवर आणि सीटखाली मारलं जातं. पाऊस वरून पडतो, प्रेशर गन खालून आत घुसते. मी गाडी बादली आणि फडक्याने धुतो, शेजारी हसतात.

चार्जर नवा घेतला, यावेळी रिलेवर. बॅटरीच्या प्लसवरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ चार्जरला, ८५ अर्थला आणि ८६ टेललाइटच्या वायरीला. चावी बंद केली की चार्जर मेला. गळती आता २ मिलिअँपिअर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो. तिसरी बॅटरी मात्र कितीही भरली तरी १२.५च्या वर चढत नाही. दोन-दोन महिने अर्धपोटी राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते परत विरघळत नाही. हिवाळा काढेल असं वाटतंय. सेल्फ मारताना ९.८च्या खाली गेली की नवी घेईन, आणि दुकानातून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणेन.